जाकादेवीबार्गे जयगड

"प्रवाशांदी लक्ष द्यावे. जाकादेवीबार्गे जयगडला जाडारी गाडी फलाट क्रबांक पाचवर…"

एवढं बोलून केरू रहाटे थांबला. समोरच्या लॉगशीटवर, तीन-चाळीसच्या रकान्यात, टपकन एक थेंब पडला होता. अंगठ्यानं तो पुसायला गेला तर शेजारी दुसरा पडला, मग तिसरा, आणि मग पुसण्यात अर्थ राहिला नाही. शर्टाची खाकी बाही बघता बघता काळपट झाली.

नाकाचा घोळणा फुटण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. गेलं वर्षभर महिन्यातून दोनदा-तीनदा हे चाललं होतं. स्टँडमागच्या नळावर रुमाल धुवायचा, खिडकीच्या गजावर वाळत घालायचा आणि घरी जाताना खिशात घालायचा, हे त्याला सवयीचं झालं होतं. पण माईक चालू असताना घोळणा फुटला तो त्या दिवशी पहिल्यांदा. घोषणा अर्ध्यात तुटली आणि भोंग्यातून नुसती खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तेव्हा रत्नागिरी स्टँडवरची सगळी माणसं माना वर करून भोंग्याकडे बघायला लागली.

मुसा ड्रायव्हर तेव्हा केबिनमध्येच सही करत होता. त्यानं आधी माईकचं बटण बंद केलं.

"काय झाला रे केरू?"

"घोळडा फुटलाय. होईल बंद."

"मान वर नको करू. खाली कर, खाली. नाक चिमटीत धर."

केरूचं बोलणं हे असं होतं. म ऐवजी ब, न ऐवजी द, ण ऐवजी ड. इथून पुढं ते सरळच लिहिलंय, कारण दर वेळी तसं लिहीत बसलं तर वाचणाऱ्याला उगाच हसू येईल, आणि पुढच्या गोष्टी काही सगळ्याच हसण्यासारख्या नाहीत.

पाव तास झाला तरी रक्त थांबेना. मुसाचा चेहरा बदलला. अकरा वर्षं हे दोघे एका गाडीवर होते, मुसा स्टिअरिंगवर आणि केरू तिकिटाच्या पेटीसह मागे. पुढं केरूचा गुडघा गेला आणि त्याला वाहतूक नियंत्रक करून चौकशीच्या खिडकीत बसवलं, तरी मुसा गाडी लावली की पहिला त्याच्याकडे यायचा. त्यानं दुसऱ्या ड्रायव्हरला आपली गाडी बघायला सांगितली आणि केरूला रिक्षात घातलं.

रिक्षात केरू एकच म्हणत होता, "अरे, जयगडची घोषणा अर्धी राहिली. यमुनाबाई बसलेली असेल बाकावर."

"मरू दे तुझी घोषणा," मुसा म्हणाला. पण लगेच खिशातून फोन काढून त्यानं केबिनमध्ये सांगितलं, की कोणीतरी त्या म्हातारीला धरून गाडीत बसवा.

*

केरूच्या आवाजाबद्दल थोडं सांगायला हवं.

हेदवीचा हा माणूस. सव्विसाव्या वर्षी एसटीत कंडक्टर म्हणून लागला. दिसायला चारचौघांसारखा, भांडणात नसायचा, युनियनच्या सभेत मागच्या रांगेत बसायचा. आयुष्यात कोणी त्याला हार घातला नाही, व्यासपीठावर बोलावलं नाही. पण पंधरा वर्षं त्या भोंग्यातून त्याचा आवाज रत्नागिरीवर पसरलेला होता, आणि तो आवाज लांजा, राजापूर, देवरूख, पावसपर्यंत ज्यानं ज्यानं म्हणून एसटीनं प्रवास केला त्याच्या कानात बसलेला होता. नाणीजचं 'दाडीज' व्हायचं, संगमेश्वरचं 'सगबेश्वर', मुंबईची 'बुबई'. कॉलेजातली पोरं गॅदरिंगला त्याची नक्कल करायची. सानवी, त्याची मुलगी, शाळेत असताना एकदा रडत घरी आली होती, वर्गातल्या मुलींनी तिला 'फलाट क्रबांक' नाव ठेवलं होतं म्हणून. आता ती पुण्यात नोकरी करते आणि मैत्रिणींना स्वतःच ती नक्कल करून दाखवते.

गणपतीत जादा गाड्या यायच्या तेव्हा मुंबईकर चाकरमानी पहाटे डोळे चोळत खाली उतरायचे. भोंग्यातून केरूचा आवाज आला की त्यातला एखादा हसून बायकोला म्हणायचा, "आयकलंस? आता पोचलो." केरूला खिडकीतून हे दिसायचं. एकदा देवरूखला एका लग्नात त्यानं वाढप्याकडे पाणी मागितलं तर पंगतीतली चार माणसं वळून बघायला लागली. "तुम्ही स्टँडवरचे ना?" त्या दिवशी यजमानांनी त्याला दोनदा आग्रह करून जिलबी वाढली होती. घरी आल्यावर त्यानं हे राहीला, आपल्या बायकोला, सांगितलं तेव्हा ती नुसती हसली होती.

आणि यमुनाबाई होती. जयगडची. पहाटेच्या गाडीनं तिसऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची, पाटी घेऊन यायची, बाजारात विकायची आणि तीन-चाळीसच्या गाडीनं परत जायची. एक डोळा मोतीबिंदूत गेला होता, दुसऱ्यानं उजेड-अंधार एवढंच कळायचं. गाडीवरचा बोर्ड वाचणं दूरच, गाडी लाल की हिरवी हेसुद्धा तिला दिसत नसे. पाच नंबरच्या फलाटासमोरच्या बाकावर ती रिकामी पाटी उशाला घेऊन पडायची. केरूचा आवाज आला की उठायची, पाटी डोक्यावर घ्यायची आणि नाकासमोर चालत गाडीच्या दारात पोचायची. कोणाला काही विचारायची नाही. विचारलं की लोक चार दिशांना चार बोटं दाखवतात, असं तिचं म्हणणं होतं.

*

नाक-कान-घशाच्या डॉक्टर मृणाली तिशीच्या होत्या. त्यांनी आधी रक्त थांबवलं, नाकात पट्टी भरली आणि दोन दिवसांनी बोलावलं. दोन दिवसांनी राही बरोबर आली. रुमालांची गोष्ट तिला तोवर कळली होती आणि ती नवऱ्याशी बोलत नव्हती.

डॉक्टरांनी पट्टी काढून बारीक दुर्बीण आत घातली. शेजारच्या पडद्यावर केरूला स्वतःच्या नाकाचं आतलं दिसायला लागलं. ओली, गुलाबी गुहा, आणि तिच्या तोंडाशी जांभळट लाल, चकचकीत असं काहीतरी बसलेलं. पिकलेल्या जांभळासारखं. बारीक बारीक शिरा त्याच्यावर रेखलेल्या होत्या.

"काढा की मग तेवढं," केरू म्हणाला.

"काका, याला मी इथं हात लावणार नाही." डॉक्टरांनी दुर्बीण हळूच मागे घेतली. "ही रक्तवाहिन्यांची गाठ आहे. टोचलं तर थांबायचं नाव घ्यायची नाही. किती वर्षं नाक बंद आहे?"

"सर्दी आहे ना मला. कायमची."

"कायमची म्हणजे?"

केरूनं राहीकडे पाहिलं. राही पहिल्यांदाच बोलली. "सानवी तिसरीत होती तेव्हा सुरू झालं. आधी पावसाळ्यातच असायचं. मग बारा महिने. रात्री घोरणं असं की शेजारचे विचारायचे, गिरण काढलीत काय."

"नाकातला पडदा वाकडा आहे, तो आधीपासूनचा," डॉक्टर म्हणाल्या. "सूज त्यानंतरची. आणि ही गाठ, मला वाटतं, सात-आठ वर्षांची. हळूहळू वाढणारी. तिनं पडदा डावीकडे ढकललाय, म्हणून दोन्ही बाजू बंद." मग हसल्या. "लोक म्हणतात ना, तुम्ही नाकात बोलता? खरं उलटं आहे. म, न, ण म्हणायला हवा नाकातून जावी लागते. तुमची जातच नाही."

"तुम्ही ऐकलाय माझा आवाज?"

"मी पालीची. अकरावी-बारावीला रोज तुमच्या आवाजावर धावत गाडी पकडलीय."

रंगद्रव्य टोचून स्कॅन झाला. गाठ डोळ्यात किंवा मेंदूकडे शिरलेली नव्हती. डॉक्टरांनी कोल्हापूरच्या आपल्या सरांना चित्रं पाठवली आणि त्यांचंही तेच मत पडलं. अशा गाठी फार कमी माणसांना होतात. नाव सांगितलं, ग्लोमँजिओपेरिसायटोमा. नक्की तीच आहे का हे काढल्यावर तपासूनच कळणार होतं.

"पुन्हा सांगा," केरू म्हणाला. त्यानं ते दोनदा मनात घोळवलं. "एवढं लांब नाव असलेलं गाव आपल्या जिल्ह्यात नाही, हे बरं आहे."

डॉक्टर हसल्या. राही हसली नाही. "हा कॅन्सर आहे का, ते सांगा."

"अगदी तसा नाही, वहिनी. ही गाठ बहुतेक वेळा शांत असते, पसरत नाही. पण पुन्हा येऊ शकते, दहा वर्षांनीसुद्धा. म्हणून पूर्ण काढायला हवी आणि नंतर कायम तपासत राहायला हवं. भीती आहे ती रक्तस्रावाची. म्हणून आदल्या दिवशी मांडीतल्या धमनीतून तार घालून गाठीला रक्त पुरवणारी वाट बंद करतात, आणि दुसऱ्या दिवशी नाकातूनच दुर्बिणीनं काढतात. चेहऱ्यावर काप नाही. कोल्हापूरला आमचे सरच करतील."

सगळं समजावून झाल्यावर दारापर्यंत येऊन त्या म्हणाल्या, "आणि काका, एक गोष्ट. आवाज बदलेल."

"बदलेल म्हणजे?"

"म्हणजे नीट होईल."

केरू "बरंच आहे" म्हणाला. पण जिना उतरताना त्याचं पाऊल चुकलं आणि त्यानं कठडा धरला.

*

मधल्या पंधरा दिवसांत त्याला रजेवर बसवलं होतं. तो घरी नुसता बसून राहायचा. मरणाची भीती होतीच. वाट बंद करताना तार भलतीकडे गेली तर डोळा जाऊ शकतो, असं कागदावर लिहून त्यावर त्याची सही घेतली होती. पण ही भीती सांगता येण्यासारखी होती. ती त्यानं मुसाला सांगितली, भावाला सांगितली. दुसरी मात्र त्याला कोणालाही सांगता येईना. सत्तावन्न वर्षांच्या माणसानं काय म्हणायचं, की माझं नाक बंदच राहू दे?

एकदा दुपारी मुसा आला तेव्हा ते तोंडातून निघून गेलं.

"मुसाभाय, आवाज गेला तर मी तिथं बसून करू काय?"

"जातोय कुठं? चांगला होणार म्हणतात ना?"

"चांगला दुसऱ्या कोणाचा पण असेल. हा माझा आहे."

मुसानं चहाचा कप खाली ठेवला. तो म्हणाला, "कोल्हापूरला रक्ताच्या बाटल्या लागतील ना? आपल्या डेपोची चार पोरं तयार हायत. मी पाचवा." आणि हेच त्याचं उत्तर होतं.

*

कोल्हापुरात सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पहिल्या दिवशी तार घालून वाट बंद केली. दुसऱ्या दिवशी साडेतीन तासांनी सर बाहेर आले आणि राहीला म्हणाले, "पूर्ण निघाली. पडदाही सरळ केला. रक्त फार गेलं नाही, एकच बाटली लागली." राहीनं त्यांना नमस्कार केला आणि तिथल्याच बाकावर बसून ती पहिल्यांदा रडली. सानवीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाकातली भरलेली पट्टी काढली. केरूनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. पट्टी निघाली आणि आत हवा शिरली, इतकी गार, इतकी भरभरून, की तो दचकला. त्या हवेबरोबर वास आला. पहिला फिनेलचा. मग स्पिरिटचा, मग कोणीतरी डब्यातून आणलेल्या लसणीच्या चटणीचा, मग जवळ उभ्या असलेल्या राहीच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा. या बाईला वास आहे, हे तो विसरूनच गेला होता.

"पाणी," तो म्हणाला. "राही, मला पाणी दे."

राहीनं पेला उचलला. मग तो तसाच टेबलावर ठेवला आणि ती खोलीबाहेर निघून गेली. सानवीनंच बाबांना पाणी दिलं. केरूला वाटलं, काही तरी वाईट रिपोर्ट आलाय आणि हे आपल्यापासून लपवताहेत.

दुपारी सानवी खाली जेवायला गेली तेव्हा त्यानं विचारलं, "काय लपवतेस तू माझ्यापासून?"

"मी? रुमाल लपवणारे तुम्ही."

"मग सकाळी बाहेर का गेलीस?"

राहीनं पदराची कड दुमडली. मग म्हणाली, "जाकादेवीची गाडी आठवते? सकाळची, पावणेआठची?"

"त्या गाडीवर चार वर्षं काढली मी."

"मी चाफे स्टॉपला चढायचे. शिवणक्लासला जायला. मागच्या बाजूनं तुम्ही ओरडायचात, 'चला, मागचे पुढे सरका, मधे थांबू नका, निवळी उतरणारे पुढे या.' झांज वाजवल्यासारखा आवाज होता. मी तुमच्या तोंडाकडे कधी बघितलं पण नव्हतं, बघायची लाज वाटायची. आवाजच ऐकत बसायचे. पुढं तुमच्याकडून सांगून आलं तेव्हा दादानं विचारलं, मुलगा बघितलायस का? मी म्हटलं, नाही, पण चालेल."

सत्तावीस वर्षांच्या संसारात हे केरूला कधी कळलं नव्हतं.

"हे कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? आणि मग तो आवाज हळूहळू गेलाच. एका दिवसात गेला असता तर कळलं तरी असतं. तो असा थोडा थोडा गेला. मला वाटलं, वय होतं माणसाचं. आवाज गेला म्हणून रडायचं कोणापुढं? माणूस तर समोर बसून जेवतोय." तिनं डोळे पुसले. "सकाळी तुम्ही पाणी मागितलंत तेव्हा मला वाटलं, मागून कोणीतरी आत आलं."

खिडकीबाहेर कुणाची तरी रिक्षा वळत होती. केरूला बोलायची एकाएकी लाज वाटली. लोकांनी डोक्यावर घेतलेल्या आवाजाचा त्याला अभिमान होता. घरात एक माणूस पंधरा वर्षं त्याच आवाजाखाली दबून गेलेल्या जुन्या आवाजाची वाट बघत होतं.

"चला," तो शेवटी हळूच म्हणाला, "मधे थांबू नका. निवळी उतरणारे पुढे या."

राही तोंडाला पदर लावून हसली, आणि मग हसता हसता रडायला लागली.

*

रिपोर्ट डॉक्टरांनी सांगितला तसाच आला. दीड महिन्यानं केरू कामावर रुजू झाला. स्टँडवर पाय ठेवल्याबरोबर त्यानं नाकाला रुमाल लावला. "हा वास रोज असतो?" त्यानं मुसाला विचारलं. डिझेल, मुतारी, वडे तळायचं जुनं तेल आणि कुठूनतरी सुकटीचा वास. मुसा पोट धरून हसला.

मग त्यानं माईक पुढं ओढला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पालीमार्गे लांज्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे." भोंग्यातून परत आलेला तो आवाज त्याला परका वाटला. स्वच्छ होता, जरा तरुणच होता. लांज्याचे लोक गाडीकडे गेले. कोणी मान वर केली नाही. पोरांनी नक्कल केली नाही.

दुपारी एक गृहस्थ चौकशीच्या खिडकीशी आले. देवरूखची गाडी विचारून झाल्यावर म्हणाले, "तुम्ही नवीन काय? इथं एक नाकातून बोलणारे होते."

"हं."

"वारले म्हणे. रक्ताचं काहीतरी झालं. माईकवर बोलता बोलताच." गृहस्थांनी मान हलवली. "चांगला माणूस होता हो. कधी वसकन अंगावर आला नाही कोणाच्या."

केरूनं क्षणभर विचार केला. मीच तो, असं म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर खरोखरचं दुःख होतं आणि ते मोडावंसं त्याला वाटेना. "हो," तो म्हणाला, "चांगला होता. तुमची गाडी तीनवर लागेल."

तीन-चाळीसला त्यानं जयगडची घोषणा केली. एकदा केली, दोनदा केली. गाडी भरली, कंडक्टरनं दोरी ओढली, गाडी निघाली. गाडी फाटकाबाहेर वळल्यावर पाच नंबरचा फलाट रिकामा झाला आणि केरूला खिडकीतून बाक दिसला. यमुनाबाई पाटी उशाला घेऊन पडलेली होती. जागी होती.

तो केबिनमधून धावत बाहेर आला. "आजी, गाडी गेली की! मी दोनदा ओरडलो."

"कोण बोलतंय?"

"मी केरू."

म्हातारी उठून बसली. "केरू कोण?"

"स्टँडवरचा. घोषणा करणारा."

"बाबू, म्हातारीची थट्टा करू नको." तिचा आवाज कडक झाला. "त्याचा आवाज मी वळखतंय. तो आजारी हाय. बरा झाला की येईल. मी दोन महिने कोणाचा तरी हात धरून चढतंय, आज म्हटला, कोणतरी सांगत व्हता आलाय म्हणून, तर त्याचीच वाट बघत बसलंय."

"आजी, ऑपरेशन झालं माझं. नाकातली गाठ काढली. आवाज साफ झाला."

"असा साफ आवाज कोणाचा पण असतो. रेडिओवर पण असतो. तो आमचा व्हता."

केरू तिच्यासमोर उभा राहिला. आजूबाजूला चार माणसं बघत होती. त्यानं उजव्या हाताची चिमटी केली, नाक घट्ट धरलं आणि म्हणाला, "प्रवाशांदी लक्ष द्यावे. जाकादेवीबार्गे जयगडला जाडारी गाडी फलाट क्रबांक पाचवर लागली आहे."

यमुनाबाईचं तोंड उघडंच राहिलं. तिनं हात पुढे केला, चाचपडत त्याच्या चेहऱ्यापर्यंत आणला आणि नाकावरून, गालावरून बोटं फिरवली. तिच्या बोटांना तिसऱ्यांचा, खाडीच्या चिखलाचा वास येत होता. पंधरा वर्षांत तो त्याला पहिल्यांदा आला.

"मेल्या," ती म्हणाली, "जिता हायस."

"आहे."

"मग माझी गाडी का घालवलीस?"

त्या दिवशी साडेपाचच्या गाडीत त्यानं तिला स्वतः बसवलं. आणि दुसऱ्या दिवसापासून जिल्हाभरच्या गाड्यांची घोषणा साफ आवाजात व्हायला लागली, फक्त तीन-चाळीसची जयगड तेवढी चिमटीत नाक धरून. केबिनमधले हसायचे. केरूही हसायचा. पण भोंग्यातून तो जुना आवाज आला की स्टँडवर कोणीतरी एखादा चालता चालता थांबायचा आणि मग पुढे जायचा, हे त्याच्या नजरेतून सुटायचं नाही. खरं सांगायचं तर दिवसभर तो त्या तीन-चाळीसचीच वाट बघायचा.

असे पाच-सहा महिने गेले असतील. एके दिवशी यमुनाबाई गाडीकडे जायच्या आधी खिडकीशी आली. गजावर हात ठेवून म्हणाली, "केरू हायस?"

"आहे, आजी."

"उद्यापास्नं नाक धरू नको."

"का?"

"बाजारात पोरं हसतात. त्या दिवशी एक जण म्हणला, त्या म्हातारीसाठी शेंबड्यासारखा बोलतो. मला नाय आवडला." तिनं पाटी सावरली. "आणि आता मी तुझा हा पण वळखतंय. देवरूख, लांजा करतोस ना, आयकत पडलेली असते मी. सवय झाली. चांगला हाय हा पण."

"नक्की ओळखता? गाडी चुकायची नाही?"

"नाय चुकत रे. जा, कर घोषणा."

केरू आत आला. त्यानं माईकचं बटण दाबलं. हात सवयीनं नाकाकडे गेला होता, तो त्यानं खाली आणला आणि टेबलावर ठेवला. जयगडची घोषणा म, न, ण सगळं जागच्या जागी ठेवून झाली. फलाटावर यमुनाबाई पाटी डोक्यावर घेऊन सरळ दारापर्यंत चालत गेली. मग त्यानं लॉगशीट ओढलं आणि वेळ लिहिली. पेन हातातच राहिलं. मुसा चहा घेऊन आला तेव्हा त्यानं विचारलं, "काय रे?" तर म्हणाला, "काही नाही. एक जण गेला. नाकातून बोलणारा."

*

पुढच्या जूनमध्ये केरू निवृत्त झाला. डेपोत छोटा समारंभ झाला, मुसानं नारळ दिला, सायबांनी चार शब्द बोलायला सांगितले तर त्याला दोनच सुचले. डॉक्टर मृणालींनी सहा महिन्यांची तपासणी करून नाक कोरं असल्याचं सांगितलं आणि पुन्हा सहा महिन्यांनी यायला बजावलं.

आठवड्यानं तो आणि राही हेदवीला भावाकडे निघाले. जयगडपर्यंत एसटी, तिथून खाडी ओलांडायला फेरीबोट, पलीकडे तवसाळ आणि मग हेदवी. दोघं स्टँडवर आले तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. केबिनमध्ये केरूच्या जागी ज्ञानेश्वरी नावाची नवी मुलगी बसत होती. तिनं खिडकीतून हात केला. त्यानंही केला, पण आत गेला नाही.

पाच नंबरला गाडी लागली. लोकांची धक्काबुक्की सुरू झाली. राहीनं पिशवी उचलली.

"चला ना, जागा मिळायची नाही."

"थांब," केरू म्हणाला.

भोंगा खरखरला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे," ज्ञानेश्वरीचा आवाज आला, जरा घाबरलेला, शेवटच्या अक्षराला चढणारा. राहीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो फलाटाच्या मध्यभागी टोपी काढून उभा होता. माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत दाराकडे पळत होती. ज्ञानेश्वरी 'जाकादेवीमार्गे'वर अडखळली, पुन्हा सुरुवातीपासून म्हणाली, आणि तिचं 'लागली आहे' पूर्ण होईपर्यंत तो जागचा हलला नाही.

मग त्यानं टोपी घातली, राहीच्या हातातली पिशवी घेतली, आणि ते दोघे गाडीत चढले. बसायला जागा नव्हती. निवळीपर्यंत दोघं उभ्यानंच गेले.